पहिली तीन गाणी, फ्लॅश बंद

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या उत्तर भागात मेसन सिटी आहे. नावात सिटी असली तरी वस्ती जेमतेम सत्तावीस हजारांची. जवळच तळ्याकाठी क्लिअर लेक, ते तर साडेसात हजारांचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी इकडे आले आणि आता एका स्थानिक साप्ताहिकाचं करमणुकीचं पान सांभाळते. लिहिते मीच, फोटोही माझेच. या कामात यायची इच्छा असलेली मराठी मुलं-मुली हमखास विचारतात, "ताई, सेलिब्रिटी भेटतात का?" भेटतात, वर्षातून तीन-चारदा. बाकीचं वर्ष शाळांची संगीत नाटकं, जुलैतली जत्रा आणि मे अखेरचा बँड फेस्टिव्हल यांतच जातं.

सगळ्यात आधी एक रुक्ष गोष्ट. डिपेंडंट व्हिसावर किंवा विद्यार्थी म्हणून आला असाल, तर कामाची परवानगी असल्याशिवाय एका फोटोचेही पैसे घेऊ नका. "फुकट केलं तर चालतं" हेही कुणाच्या सांगण्यावरून धरून चालू नका, वकिलाला विचारा. मी परवाना हातात येईपर्यंत थांबले. तोवर वाचनालयात बसून जुने अंक चाळले, गावातली घराणी पाठ केली.

तरी चुकायची ती चुकलेच. पहिलं काम बँड फेस्टिव्हलचं. परेडमध्ये ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या एका मुलाचा फोटो झकास आला. खाली नाव टाकलं ऑल्सन. इथे नॉर्वे-डेन्मार्कच्या वंशजांची घरं बरीच, आणि ऑल्सनच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटच्या 'एन'आधी 'ओ' की 'ई' यावरून ते कोणत्या घरचे हे कळतं. मी न विचारता 'ई' लावला. सोमवारी मुलाच्या आजीचा फोन. ती चिडली नव्हती, पण तिला कात्रण पाकिटात ठेवायचं होतं आणि त्यावर नातवाचं नाव चुकलेलं होतं. तेव्हापासून मी खिशातली वही पुढे करते आणि नाव ज्याचं त्यालाच लिहायला लावते. नामवंत चित्रपट समीक्षक रॉजर इबर्ट इलिनॉय राज्यातल्या अर्बाना गावचे. पंधराव्या वर्षी ते तिथल्या पेपरात शाळेच्या सामन्यांच्या बातम्या लिहायचे. १९७५ साली समीक्षेसाठी पुलित्झर हा पत्रकारितेतला मानाचा पुरस्कार मिळवणारे ते पहिले चित्रपट समीक्षक ठरले. मला वाटतं, सामन्यांच्या बातम्यांमध्ये नावं आणि आकडे चुकवायची सोय नसते, ती शिस्त त्यांना पुढे उपयोगी पडली असावी.

क्लिअर लेकला सर्फ बॉलरूम नावाचा नाचगाण्यांचा हॉल आहे. २ फेब्रुवारी १९५९ च्या रात्री बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि बिग बॉपर हे रॉक अँड रोल गायक इथे गायले. दौऱ्याच्या बसमधलं हीटर बिघडलेलं, म्हणून हॉलीने मेसन सिटीहून छोटं विमान ठरवलं. मध्यरात्रीनंतर ते शेतात कोसळलं; तिघंही गेले, वैमानिकही. त्यांच्या आठवणीत दरवर्षी तिथे कार्यक्रम होतो, तोही ऐन थंडीत. बाहेर उणे वीस, आत घाम. पहिल्या वर्षी कॅमेरा थेट बॅगेतून काढला आणि लेन्सवर अशी वाफ धरली की अर्धा तास नुसती पुसत बसले. आता दाराबाहेरच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करते आणि आतल्या उबेला आल्यावरच काढते.

मोठ्या कलाकारांच्या कार्यक्रमांचा नियम जवळपास सगळीकडे एकच: पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही. मंच आणि कठड्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत, म्हणजे पिटमध्ये, दहा-बारा मिनिटं मिळतात आणि मग बाहेर. मी शटर १/२५० सेकंदावर आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ३२०० वर ठेवून सुरुवात करते. गायकाच्या तोंडासमोर माइक येणार नाही अशी बाजू आधीच हेरून ठेवते. लाल एलईडी दिव्यांत चेहऱ्याचा तपशील जळतो, म्हणून रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, आणि थोडं अंडरएक्सपोजर, म्हणजे फोटो किंचित गडद. कानात बोळे हवेतच. ढोलकीवाल्याला, म्हणजे ड्रमरला, विसरू नका. त्याचा फोटो कुणीच काढत नाही आणि त्याची आई अंक विकत घेते.

पास मिळवायचा तर प्रसिद्धी सांभाळणाऱ्याला दोन-तीन आठवडे आधी ईमेल, सोबत संपादकाचं पत्र. तरीही तिकीट खिडकीवर "तुमचं नाव यादीत नाही" हे ऐकावं लागतं. आणि सही करण्याआधी करार वाचा. २०१५ मध्ये फू फायटर्स या रॉक बँडचा करार फोटोंचे हक्क बँडकडे नेणारा होता. वॉशिंग्टन सिटी पेपर या वृत्तपत्राने सही नाकारली आणि प्रेक्षकांकडून फोटो विकत घेऊ म्हणून सांगितलं. एरवी स्वतंत्र छायाचित्रकाराच्या फोटोचा हक्क त्याचाच असतो, तो सहजी देऊ नये.

पैशांचं थोडक्यात सांगते. माझ्या पहिल्या लेखाचे चाळीस डॉलर मिळाले. त्यातूनही स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर असतो, म्हणून कामासाठी फिरलेले गाडीचे मैल लिहून ठेवा, तो खर्च उत्पन्नातून वजा होतो. निव्वळ यावर घर चालत नाही. मी सकाळी वाचनालयात अर्धवेळ काम करते.

खरी कसोटी समीक्षेची. मोठ्या शहरात लिहून मोकळं होता येतं, इथे ज्याच्याबद्दल लिहिलं तो दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात भेटतो. शाळेचं नाटक तीन तास चाललं, मुलं शेवटी दमून गेली, असं मी एकदा लिहिलं. चार दिवसांनी दिग्दर्शक केळ्यांपाशी उभे. मी ट्रॉली वळवणार तोच त्यांनी हात केला. म्हणाले, "पुढच्या वर्षी मध्यंतर ठेवतोय. आणि हो, त्या नाचाच्या फोटोची मोठी प्रत मिळेल का?"