आरोग्याची फाइल डिजिटल करताना: तयारीची यादी

घरातली जुनी फाइल उघडून सर्वांत आधी ईसीजी वेगळे काढावेत, कारण ते बहुधा थर्मल कागदावर घेतलेले असतात आणि त्यांची रेषा काही वर्षांत विरत जाते. माझ्या वडिलांच्या फाइलीत असा एक गुलाबी चौकटींचा कागद निघाला. कोपऱ्यात पेनाने लिहिलेले नाव आणि तारीख ठळक होती, पण आलेख खिडकीच्या उजेडात तिरपा धरूनही दिसेना. छातीत दुखते म्हणून आलेल्या रुग्णाच्या ईसीजीतला बदल आजचा की वर्षानुवर्षांचा, हे जुना आलेख शेजारी ठेवल्यावर लवकर कळते आणि पुढच्या उपचारांची दिशा ठरवायला त्याची मदत होते, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये. कागद प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढून, चौकटी, तारीख आणि आलेखाचा वेग (म्हणजे कागद सरकण्याचा छापलेला वेग) स्पष्ट दिसेल असा सरळ स्कॅन करावा. जपण्याच्या हेतूने त्याचे लॅमिनेशन मात्र मुळीच करू नये, त्या उष्णतेने कागद काळा पडतो.

त्यानंतर एक्स-रे, सीटी स्कॅन आणि एमआरआय घ्यावेत. यांचा छापील अहवाल म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांचे मत असते; मूळ प्रतिमा त्याहून वेगळ्या असतात आणि त्या डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या संगणकीय स्वरूपात मागून घ्याव्या लागतात. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो त्यांची जागा घेऊ शकत नाही, कारण मूळ फाइल हाती असली की दुसरे डॉक्टर त्याच सीटी स्कॅनमध्ये उजळपणा बदलून आधी फुप्फुस आणि मग हाड पाहू शकतात, गाठीचे मोजमाप पुन्हा घेऊ शकतात. सीडी मिळाली असेल, तर तिच्यातले सगळे फोल्डर जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. रक्ताच्या अहवालांतील आकड्याबरोबर एकक आणि त्या प्रयोगशाळेने दिलेली सामान्य मर्यादाही जपावी. रक्तातली साखर एकीकडे 126 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, तर दुसरीकडे 7 मिलिमोल प्रति लिटर अशी लिहिली जाते आणि दोन्हींचा अर्थ एकच असतो.

एवढे झाल्यावर एका पानाचा सारांश तयार करावा, कारण तातडीच्या वेळी दोनशे पाने चाळायला कोणाला सवड नसते. त्यात चालू औषधांची मूळ (जेनेरिक) नावे, मात्रा आणि वेळा, मोठे आजार, झालेल्या शस्त्रक्रिया आणि शरीरात पेसमेकर किंवा तत्सम उपकरण असेल तर त्याचा मॉडेल क्रमांक असावा, कारण एमआरआय करण्यापूर्वी तोच विचारला जातो. ॲलर्जीची नोंद विशेष जपून करावी. नुसते ‘पेनिसिलीन चालत नाही’ असे न लिहिता अंगावर पित्त उठले, श्वास कोंडला की केवळ मळमळले, हे लिहावे. मळमळ ही बहुधा ॲलर्जी नसते, आणि ढोबळ नोंदीमुळे उपयोगी औषध आयुष्यभर टाळले जाऊ शकते. ॲलर्जी नसेल तरी रकाना कोरा सोडू नये, कारण ‘नाही’ आणि ‘कोणी विचारलेच नाही’ यांतला फरक कोऱ्या रकान्यातून कळत नाही.

हे सारे कोणत्या ॲपमध्ये ठेवायचे, हा प्रश्न इथे येतो. आरोग्याच्या नोंदी ठेवणाऱ्या सेवांपैकी गूगल हेल्थ 1 जानेवारी 2012 रोजी आणि मायक्रोसॉफ्टची हेल्थव्हॉल्ट 20 नोव्हेंबर 2019 रोजी बंद झाली, तेव्हा कंपनी मोठी आहे एवढ्या भरवशावर एकुलती एक प्रत तिच्याकडे ठेवू नये. पहिल्याच आठवड्यात सगळा डेटा बाहेर काढून पाहावा. पीडीएफबरोबर एफएचआयआर या, आरोग्याच्या नोंदींची देवाणघेवाण करण्यासाठीच्या मानक स्वरूपातही तो मिळत असेल, तर पुढे दुसऱ्या सेवेत नेणे सोपे जाते.

माझ्या मते सर्वाधिक वेळ संमतीच्या पानावर द्यावा. माहिती कोणाला, कोणती, कशासाठी आणि किती काळ दिली जाणार, या चारही प्रश्नांची उत्तरे तिथे सापडली नाहीत, तर ‘मान्य’ हे बटण दाबू नये. दिलेली संमती मागे घेता येते का, हेही पाहावे. मात्र संमती मागे घेतल्याने सामान्यतः पुढची देवाणघेवाण थांबते, समोरच्याने आधीच घेतलेली प्रत आपोआप परत येत नाही. रुग्णालयाला लागू असलेले गोपनीयतेचे नियम पावले मोजणाऱ्या ॲपला लागू असतीलच असे नाही. जनुकीय चाचणीच्या बाबतीत तर रक्ताच्या नातेवाइकांचीही माहिती त्यात गुंतलेली असते, म्हणून त्यांच्याशी बोलल्यावाचून ती कुठेही चढवू नये. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक खरोखर स्वतःचाच आहे ना, हे तपासावे. जुन्या क्रमांकावर किंवा घरातल्या दुसऱ्याच्या फोनवर ओटीपी जात असेल, तर मानसोपचाराच्या किंवा गर्भारपणाच्या नोंदी खाजगी राहण्याची खात्री उरत नाही. मदतीसाठी कोणाला प्रवेश द्यायचा असेल, तर पासवर्ड सांगण्याऐवजी प्रतिनिधी म्हणून स्वतंत्र प्रवेश द्यावा, म्हणजे कोणी काय उघडले याची नोंद पाहता येते आणि गरज संपल्यावर तो काढून घेता येतो.

नोंदीत चूक आढळल्यास दुरुस्तीचा अर्ज लेखी करून त्याची पोच ठेवावी. फोनच्या लॉक स्क्रीनवर ॲलर्जी आणि तातडीचा संपर्क क्रमांक एवढेच ठेवावे, कारण तो मजकूर कोणीही वाचू शकते. शेवटी तो एक पानी सारांश विश्वासातल्या एका व्यक्तीच्या फोनवर पाठवून, इंटरनेट बंद करून, तिलाच तो उघडून दाखवायला सांगावे.