जुन्या वाड्यात व्याख्यान आणि वाडादर्शन कसे ठेवावे

दिवसभर वाडा लोकांना बघायला खुला आणि संध्याकाळी त्याच चौकात त्याच्या इतिहासावर व्याख्यान, असे कार्यक्रम हल्ली गावोगाव होऊ लागलेत, आणि ते व्हायलाच हवेत. पण त्याबद्दलचे सल्ले बहुतेक सजावट, सत्कार आणि ‘नावाजलेला वक्ता आणा’ यांच्यापुढे जात नाहीत. मग वक्ता पानिपतावर तासभर बोलतो आणि लोक ज्या खांबाला टेकून बसलेत त्याच्याबद्दल अवाक्षर निघत नाही.

१. परवानगी

सगळ्या हिस्सेदारांची घ्या, आणि लेखी घ्या. पुढच्या सोप्यातले काका हो म्हणाले म्हणजे वाडा मिळाला असे नाही. मागच्या चौकाची किल्ली मुंबईच्या चुलतभावाकडे असते आणि माडीवर भाडेकरू राहत असतात. कोणत्या खोल्या उघडायच्या आणि कोणत्या बंद राहणार, तेही त्याच कागदावर लिहा. देवघर दाखवायचे की नाही, हे घरच्यांनी ठरवायचे. त्यात आग्रह करू नका.

२. दिवस

१८ एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो आणि १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह. मी नोव्हेंबरच सुचवेन. एप्रिलच्या दुपारी उघड्या चौकात कोणी थांबत नाही.

३. विषय

याच वाड्यावर बोला. ‘मराठेशाहीतील वास्तुवैभव’ हा विषय कुठल्याही सभागृहात चालतो, त्यासाठी वाडा उघडायची गरज नाही. आणि गोष्ट १८१८ ला संपवू नका. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला, १८०७ मध्ये. पेशवाई गेल्यावर तीनच वर्षांत, १८२१ ला, तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तुमच्याही वाड्यात कधी शाळा भरली असेल, टपाल कचेरी असेल, बिऱ्हाडे राहिली असतील. समोर बसलेल्या लोकांना तोच इतिहास जवळचा वाटतो, कारण त्यात त्यांचे आजी-आजोबा असतात.

४. ऐकीव आणि कागद वेगळे करणे

सगळे अडते ते इथे. मला स्वतःला हा टप्पा जमायला सर्वांत जास्त वेळ लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रत्येक वाड्यात ठरलेल्या तीन गोष्टी सांगतात: पेशवे इथे मुक्कामाला होते, खालून भुयार जाते, आणि वाडा होता तसाच आहे. पहिल्याच पंक्तीत घरचे वडीलधारे बसलेले असतात आणि तुमच्या वक्त्याने या तीन गोष्टी सांगाव्यात अशी त्यांची अपेक्षा असते. वक्त्याने त्या खऱ्या म्हणून सांगितल्या तर दुसऱ्या दिवशी त्या वर्तमानपत्रात ‘इतिहास’ म्हणून छापून येतात. तिथेच खोडून काढल्या तर घरच्यांचा अपमान होतो आणि पुढच्या वर्षी दिंडी दरवाजा उघडत नाही.

म्हणून कार्यक्रमाआधी महिना-दीड महिना हाताशी ठेवा आणि टिपणाची वही तीन भागांत करा: ‘कागद आहे’, ‘वास्तू सांगते’, ‘घरात सांगतात’. व्याख्यानातले प्रत्येक वाक्य यांपैकी कुठल्यातरी भागातून आलेले असले पाहिजे. चौथा भाग नाही.

कागदाची सुरुवात नगर भूमापन कार्यालयातल्या मिळकत पत्रिकेपासून करा. दप्तरखाने मागाहून. मग घरातली वाटणीपत्रे, सनदा, घराण्याचा कुलवृत्तांत आणि तुमच्या जिल्ह्याचे जुने गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ. पुणे जिल्ह्याचे १८८५ चे आहे. पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे, पण तिथे ‘आमच्या वाड्याचे काही आहे का’ असे विचारत जाऊ नका. घराण्याचे नाव, गाव आणि निदान अंदाजे साल हातात असेल तरच रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, मागता येतो. पानशेतच्या पुरात, १९६१ ला, नदीकाठच्या घरांतले पुष्कळ दप्तर गेले. तसे झाले असेल तर व्याख्यानात ते सांगा. कागद का नाहीत, हाही त्या घराचा इतिहासच आहे.

मोडी जाणकाराकडूनच वाचून घ्या, अंदाजाने नाही. सालांची मात्र स्वतः पडताळणी करा, कारण घोळ तिथेच होतात. शके १७०० म्हणजे १७७८. तिथी पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर बहुधा १७७९. पत्रात ‘सबैन मया व अलफ’ असे लिहिलेले असेल तर तो शुहूर सन आहे, म्हणजे जुन्या मराठी कागदांत अरबी अंकनावांनी लिहिलेली कालगणना: सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७०. त्यात ५९९ मिळवले की १७६९ येते. हा सन मृगाला बदलतो, त्यामुळे जानेवारीपासून मृगापर्यंतच्या दिवसांसाठी ६०० मिळवावे लागतात. कोणी ११७० मध्ये शकाचे ७८ मिळवून वाडा यादवकाळात नेऊन ठेवला, तर ते सभेत पकडायला एखादा तरी जाणकार बसलेला असतोच.

आता वास्तू. छपरावर मंगलोरी कौले असतील तर ते छप्पर पेशवाईतले नाही. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा कौलांचा कारखाना मंगळुरात सुरू झाला तोच १८६५ मध्ये. एखादे निखळलेले कौल उलटे करून बघा, मागे कारखान्याचे नाव उठवलेले असते. बासेल मिशनच्या कौलावर १८६५ हा आकडाही दिसतो, आणि तिथेच लोक फसतात. ते कारखाना निघाल्याचे साल आहे. तुमचे कौल त्यानंतर कितीतरी वर्षांनी भाजलेले असू शकते. ओतीव लोखंडाचे कठडेही तसेच, मागाहून आलेले. हे लोकांना दाखवा. सुरूच्या झाडाच्या आकाराचा कोरीव सुरुदार खांब जुना, वरचे कौल नवे, मधली तुळई बदललेली, हे बोटाने दाखवले की लहान मुलेसुद्धा वाडा वाचायला लागतात.

भुयाराचे बहुतेक वेळा तळघर किंवा धान्य साठवायचे बळद निघते. पुण्याच्या पेठांत ते कात्रजच्या तलावातून पाणी आणणाऱ्या दगडी नळाचेही असू शकते. नानासाहेब पेशव्यांच्या काळातला तो नळ माणूस आत उतरू शकेल एवढा मोठा आहे. खरी गोष्ट भुयारापेक्षा फिकी नाही, फक्त नीट सांगावी लागते.

उरलेले सगळे ‘घरात सांगतात’. ते वक्त्याने सांगूच नये, हे माझे ठाम मत आहे. घरातल्या आजींना किंवा काकांना व्याख्यानाआधी दहा मिनिटे द्या आणि त्यांच्या तोंडून ऐकवा. निवेदकाने एवढेच म्हणावे, ‘घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या असं सांगतात.’ लोक जीव ओतून ऐकतात आणि कोणाला खोटे पाडावे लागत नाही. मात्र तुमचे कागद त्याविरुद्ध जात असतील, तर ते दोन-चार दिवस आधी घरी बसून चहा घेताना घरच्यांना दाखवा. सभेत त्यांना ते पहिल्यांदा कळता कामा नये.

५. माडी आणि जिना

व्याख्यान चौकातच ठेवा. वरचा दिवाणखाना कितीही देखणा असला तरी दीडशे माणसे त्याच्या जमिनीवर बसवू नका. तुळईचे भिंतीत गेलेले टोक आधी कुजते आणि ते बाहेरून दिसत नाही. माडीवर एका वेळी किती जण न्यायचे, हे जुन्या लाकडी बांधकामाची माहिती असलेल्या अभियंत्याला विचारून ठरवा आणि जिन्याच्या तळाशी तेवढेच सोडणारा खमका माणूस उभा करा. भिंतीच्या जाडीत काढलेल्या जिन्यात वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. वरचे सगळे उतरल्याशिवाय खालची तुकडी सोडायची नाही.

६. त्या दिवशी

सतरंज्या, थोड्या खुर्च्या, माईक, पिण्याचे पाणी. खांबांना खिळे ठोकायचे नाहीत, चिकटपट्टी लावायची नाही. समया आणि पणत्या लाकडापासून लांब.

७. कागद घेऊन येणारी माणसे

चांगले व्याख्यान झाले की चार-दोन जण पुढे येतात: ‘आमच्याकडेही एक जुना कागद आहे.’ त्यांच्यासाठी सोप्यात एक टेबल, चांगला उजेड आणि फोटो काढणारा माणूस तयार ठेवा. कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मालकाचे नाव-गाव वहीत लिहा आणि मूळ कागद तिथल्या तिथे परत करा. ‘अभ्यासासाठी ठेवून घेतो’ म्हणू नका. आणि जाताना त्यांना बजावून सांगा, घडीवर चिकटपट्टी लावायची नाही आणि लॅमिनेशन तर मुळीच करायचे नाही. सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवले तरी पुरे.