पावसाळी बाइक रायडिंग बूट घेताना जीभ आधी पाहा

वॉटरप्रूफचं लेबल वाचून पैसे देऊ नका. बुटाची जीभ उचलून पाहा. ती दोन्ही बाजूंनी वरपर्यंत बुटाला घडीसारखी शिवलेली असेल, तरच पाणी थांबतं. जीभ बाजूंनी मोकळी असेल, तर आत कितीही भारी अस्तर असो, नागपूरच्या वर्धा रोडवर एका जोरदार सरीत मोजे पिळायची वेळ येते. चेनवाला बूट असेल तर चेनीच्या मागेही असाच पडदा हवा.

उंची घोट्याच्या चांगली वर असू द्या आणि रेनपँट नेहमी बुटाच्या बाहेरून सोडा. पँट बुटात खोचली की पाणी ओघळत थेट आत उतरतं. मग बूट गळतो असं वाटतं, पण दोष त्याचा नसतो.

बजेट कमी असेल तर दिखाऊ नक्षी सोडा. घोट्याचं कडक संरक्षण आणि ओल्या रस्त्यावर धरणारा सोल मात्र सोडू नका. साधे गमबूट पाणी अडवतात, पण पडल्यावर घोटा वाचवत नाहीत. डाव्या पायावर गियरसाठी जाड पट्टी आहे ना, तेही बघा.

माप संध्याकाळी, जाड मोजे घालून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा हेच बूट पाय उकडून काढतील. रोज ऑफिसला जाणाऱ्यांनी उन्हाळ्यासाठी जाळीदार जोडी वेगळी ठेवलेली बरी.

भिजल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. हीटरसमोर ठेवू नका, चिकटवलेला सोल सुटतो.