17 मार्चची तयारी: आयर्लंडमध्ये नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

इथे आल्यावरचा पहिला हिवाळा भाड्याचं घर, पीपीएस नंबर (सरकारी कामांसाठीचा ओळख क्रमांक) आणि मुलांचे शाळाप्रवेश यांतच निघून जातो. जरा कुठे बूड टेकतंय तोवर शाळेतून निरोप येतो, अमक्या दिवशी मुलांना हिरवे कपडे घालून पाठवा. सेंट पॅट्रिक्स डे, म्हणजे आयर्लंडच्या संरक्षक संताचा सण, आला म्हणून समजा. 17 मार्चला 1903 पासून इथे सरकारी सुट्टी आहे. सुट्टी मिळाली म्हणून झोप काढू नका. घरादारानं मिळून तयारी करा, असं मी प्रत्येक नव्या कुटुंबाला आग्रहानं सांगते. आपली मुलं इथे वाढणार, तेव्हा हा सण त्यांचाही आहे.

बोलताना ‘पॅडीज डे’ म्हणा, ‘पॅटीज डे’ नको. तो उच्चार अमेरिकेतला, आणि इथल्या लोकांना तो मनापासून खटकतो. हिरवी बिअर आणि हिरवं न घातलेल्याला चिमटा काढणं हेही तिकडचंच.

कपड्यांसाठी धावपळ नको. पेनीज या कपड्यांच्या दुकानात हिरव्या टोप्या आणि खोट्या लाल दाढ्या ढिगानं मिळतात, पण तुमच्या बॅगेत हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, एखादा पोपटी कुर्ता असणारच. तेच घाला. लोक थांबून कौतुक करतात. आमच्या किल्डेअर काउंटीच्या संघाचा टी-शर्ट पांढरा असतो, तोही त्या दिवशी अभिमानानं मिरवतात. एक मात्र ऐका. साडीखाली थर्मल, वरून रेनकोट आणि मुलांच्या पायात वेलिंग्टन बूट हवेतच. मार्चमध्ये तासाभरात ऊन, गारा आणि बोचरा वारा असं सगळं भेटतं. छत्री घरीच ठेवा. ती वाऱ्यात उलटते आणि मागच्यांना काही दिसू देत नाही.

शाळेत 1 ते 17 मार्च आयरिश भाषेचा उत्सव असतो. मुलं ‘केली’ हा आयरिश समूहनाच शिकतात, बऱ्याच शाळांत टिन व्हिसल ही छोटी बासरीही वाजवतात. घरी त्यांच्यासोबत नाचा. ‘वॉल्स ऑफ लिमरिक’ सर्वांत सोपा: दोन जोड्या समोरासमोर, दोनदा पुढे-मागे, मग जागा बदलायच्या. सोफा भिंतीला सरकवला की हॉलमध्ये चौघं आरामात मावतात. आकडे मुलांना म्हणू द्या, ‘अ हेन, अ दो, अ त्री’. आजी-आजोबा आलेले असतील तर त्यांना ठेका धरायला बसवा. या एका गोष्टीत मुलं आपले शिक्षक होतात, आणि ते त्यांना फार आवडतं.

आता सोडा ब्रेड. कॉर्न्ड बीफ अमेरिकेतल्या आयरिश लोकांचं, इथे बेकन आणि कोबी शिजतो. आपल्यापैकी अनेक घरांत दोन्ही चालत नाही, म्हणून ब्रेडच करा. मैदा आणि इथलं जाडसर गव्हाचं पीठ मिळून साडेचारशे ग्रॅम, एक-एक सपाट चमचा खायचा सोडा आणि मीठ, शिवाय साधारण चारशे मिलीलीटर ताक. चपातीचा आटा बारीक असतो, त्यानं ब्रेड दडस होतो. ताक दुकानात ‘बटरमिल्क’ म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळतं. घरचं असेल तर चांगलं आंबट हवं, कारण सोडा आंबटपणामुळेच फुलतो. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही. ताक ओतायचं, बोटं पसरून हात गोल फिरवायचा, गोळा जमला की थांबायचं. सोडा ताकात पडताक्षणी कामाला लागतो, त्यामुळे ओव्हन आधीच तापलेला हवा. गोळा दोन बोटं जाड थापा आणि सुरीनं वर खोल फुली मारा. पऱ्यांना बाहेर पडायला वाट, असं इथली म्हातारी माणसं सांगतात. मुलं ती फुली मारायला भांडतात. 230 अंशांवर पंधरा मिनिटं, मग 200 अंशांवर अर्धा तास. बुडावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला. गरम असतानाच लोणी लावा, आणि एक ब्रेड शेजाऱ्यांकडे पाठवा. ओळखी वाढवायला याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

शॅमरॉक म्हणजे आयर्लंडचं चिन्ह असलेलं तीन पानांचं छोटं रोप. चार पानांचा क्लोव्हर वेगळा, चित्र काढताना मुलांना तेवढं सांगा. आदल्या आठवड्यात छोट्या जुड्या मिळतात. देठाला ओला कागद गुंडाळून डाव्या छातीवर पिनेनं लावतात. देशोधडीला लागलेल्या मुलांना इथल्या आया पाकिटात घालून शॅमरॉक पाठवत असत. परदेशी गेलेल्या माणसाची ओढ या देशाला ठाऊक आहे, आणि म्हणून मला हा सण आपलासा वाटतो. मालवण तालुक्यातलं वराड हे ज्यांच्या वडिलांकडचं मूळ गाव, ते लिओ वराडकर पंतप्रधान झाले आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना शॅमरॉकचा वाडगा त्यांनी दिला, हे मुलांना जरूर सांगा.

परेडला पहिल्या वर्षी डब्लिनला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ओ’कॉनेल स्ट्रीटवर लहान मुलांना पाठीच दिसतात. गावच्या परेडला जा. तिथे ट्रॅक्टर, अग्निशमन गाडी, फुटबॉल क्लबची पोरं असतात आणि मुलाचा वर्गमित्र हात हलवत जातो. बस-ट्रेन सुट्टीच्या वेळापत्रकानं धावतात, ते आधी बघून ठेवा.

पुढच्या वर्षी बघे राहू नका. मंडळातल्या पाच-सात घरांनी मिळून लेझीम घेऊन उतरा. परेडच्या समितीकडे नाव जानेवारीतच द्या, विम्याचं आणि स्वयंसेवकांचं विचारून घ्या. ढोल नेणार असाल तर फायबरचं पान लावा, चामड्याचं पावसात उतरतं. काही वर्षी याच आठवड्यात होळी येते किंवा पाडवा. 2022 मध्ये 17 तारखेला होळी होती आणि 18 ला धुळवड, आणि त्या वर्षी सरकारनं 18 चीही खास सुट्टी दिली होती. असं जुळून आलं तर हॉल दोन्हींसाठी एकदाच आरक्षित करा, पुरणपोळ्या जास्त करा आणि वर्गातल्या मुलांच्या आईवडिलांनाही बोलवा.