ई४६ एम३चा एसएमजी रुसला? पाना उचलायच्या आधी कान लावा

सकाळी ड्रायव्हरचं दार उघडलं की बॉनेटखालून "व्वींऽऽ" असा बारीक आवाज येतो, काही सेकंद चालतो आणि खटकन थांबतो. बीएमडब्ल्यूची एसएमजीवाली, म्हणजे क्लचचं पेडल नसलेल्या सिक्वेन्शियल मॅन्युअल गिअरबॉक्सची ई४६ एम३ ज्यांच्याकडे आहे त्यांना हा आवाज तोंडपाठ असतो, आणि ज्यांनी नुकतीच जुनी गाडी घेतलीय त्यांनी पहिल्या आठवड्यात बाकी काही नाही केलं तरी चालेल पण हा आवाज नीट ऐकून ठेवा, कारण या गिअरबॉक्सचं निम्मं दुखणं त्यातच कळतं.

आधी आत काय आहे ते समजून घ्या, नाहीतर कोणीही काहीही सांगून पैसे काढेल. एसएमजी म्हणजे नेहमीचा ऑटोमॅटिक नाही, टॉर्क कन्व्हर्टर वगैरे काही नाही. खाली साधा ६ गिअरचा गेट्राग मॅन्युअल गिअरबॉक्स आहे, साधी कोरडी क्लच प्लेट आहे, फक्त तुमचा डावा पाय आणि डावा-उजवा हात यांचं काम हायड्रॉलिक तेल करतं. एक इलेक्ट्रिक पंप तेलाला प्रेशर देतो, ते प्रेशर नायट्रोजन भरलेल्या ॲक्युम्युलेटरमध्ये साठतं, आणि कॉम्प्युटरने व्हॉल्व्ह उघडले की क्लच दाबला जातो आणि गिअर पडतो. भारतात २०१४ला सेलेरियोमध्ये मॅग्नेटी मारेलीचा एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) आला त्याचं तत्त्व हेच, त्यामुळे एएमटी चालवलेल्या माणसाला निम्मी गोष्ट आधीच माहीत असते. फरक एवढाच की एम३मध्ये ड्राइव्हलॉजिकचे, म्हणजे गिअर किती झटकन पडावा ते ठरवणारे ११ प्रोग्रॅम आहेत, आणि गाड्या २००१ ते २००६ च्या, म्हणजे सगळ्यात नवी गाडी घेतली तरी पंप, रिले, वायरी, सेन्सर सगळ्यांचं वय झालंय.

आता लक्षण. डॅशवर दातेरी चाकाची बत्ती लागते, गिअर पडत नाही, किंवा सिग्नलला थांबलात की गाडी आपोआप न्यूट्रलला जाते आणि मागचे हॉर्न मारतात. माझ्या २००३च्या गाडीचं असंच झालं, इथे इंग्लंडमध्ये जानेवारीच्या ओल्या थंडीत, आणि ज्या गॅरेजला नेली त्यांनी दहा मिनिटांत सांगून टाकलं की अख्खं हायड्रॉलिक युनिट बदला, चार आकडी पौंड. मी गाडी परत आणली आणि दोन वीकेंड ड्राइव्हवेमध्ये बसलो. शेवटी निघालं काय तर रिले आणि पंपाच्या मोटरचे ब्रश. म्हणून हे सगळं इतकं सविस्तर लिहितोय, अजून कोणी चांगलं युनिट भंगारात टाकू नये.

सुरुवात बॅटरीपासून करा, कंटाळा आला तरी. ई४६ची बॅटरी डिकीत असते. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ असेल तर ती अर्धीच चार्ज आहे, आणि पंप सुरू होताना भरपूर करंट खेचतो, तेव्हा व्होल्टेज बसलं की कॉम्प्युटर भलतेच फॉल्ट लिहून ठेवतो. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. एवढं ठीक नसेल तर पुढचं काहीच तपासू नका, आधी बॅटरी नाहीतर अल्टरनेटर.

दुसरी फुकटातली तपासणी म्हणजे ब्रेक लाइट. कोणालातरी मागे उभं करा आणि पेडल दाबा. ब्रेक दाबलाय हे कॉम्प्युटरला कळलं नाही तर तो गिअर टाकूच देत नाही, आणि ब्रेक लाइटचा स्विच ही एकदम स्वस्त वस्तू आहे.

आता मुख्य गोष्ट, पंप. फोनवर स्टॉपवॉच लावा आणि वही घ्या. रात्रभर गाडी उभी राहू द्या म्हणजे प्रेशर उतरलेलं असेल, सकाळी दार उघडा आणि पंप किती सेकंद चालतो ते लिहा. आवाजच आला नाही तर लगेच पंप मेला म्हणू नका, दाराच्या लॉकमधला छोटा स्विच खराब असला तरी पंपाला कळत नाही की दार उघडलंय, तेव्हा किल्ली इग्निशनला फिरवून परत ऐका. माझ्या गाडीत चांगल्या दिवसांत चार-पाच सेकंद लागायचे, दुखणं सुरू झाल्यावर अकरा, मग तेरा, आणि आवाज पण बारीक न राहता जड, ओढून ताणून काम केल्यासारखा. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, पण गाडी बरी असताना तो लिहून ठेवलात तर बिघडल्यावर लगेच कळेल.

मग इंजिन बंद, इग्निशन चालू, आणि काहीही न करता नुसते दोन-तीन मिनिटं बसा. त्यानंतर ब्रेक दाबून थोडे गिअर बदला आणि मोजा, किती शिफ्टनंतर पंप परत चालू होतो. याचा अर्थ असा लावायचा. काहीच न करता पंप थोड्या थोड्या वेळाने उठत असेल तर प्रेशर कुठेतरी गळतंय, बाहेर तेल दिसत नसेल तर आत व्हॉल्व्हमधून. स्वस्थ बसल्यावर शांत आहे पण दर एका शिफ्टला पंप उठतो आणि क्षणात थांबतो, तर ॲक्युम्युलेटरमधला नायट्रोजन गेलाय, साठवायला जागाच उरली नाही. आणि पंप उठतो कमी वेळा पण प्रत्येक वेळी खूप वेळ चालतो, तर मोटर थकलीय किंवा तिला वीज पुरत नाही. ही तीन दुखणी वेगळी, तिन्हींना बत्ती तीच लागते.

वीज पुरत नाही म्हटलं की रिले, म्हणजे पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच. इंजिनच्या खोलीत डीएमई, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा बंद डबा आहे, त्यात सालमन माशाच्या रंगाचा, म्हणजे फिकट नारिंगी-गुलाबी रिले असतो. माझा काढला तेव्हा एका पिनच्या बुडाशी प्लास्टिक तपकिरी होऊन थोडं फुगलं होतं, हलवल्यावर आत खुळखुळ. हा रिले दोन प्रकारे मरतो: चिकटत नाही तेव्हा पंप चालत नाही, आणि चिकटून बसला तर पंप थांबतच नाही आणि मोटर जळते, म्हणून रिले बदलताना सॉकेटच्या पिना पण बघा, काळ्या पडल्या असतील तर नवा रिले पण तसाच जाईल.

रिले नवा टाकून माझे तेरा सेकंद नऊवर आले, पूर्ण बरं नाही झालं, म्हणून मोटर उघडावी लागली. हायड्रॉलिक युनिट इनटेक मॅनिफोल्डच्या खाली असतं, हात जायला बरंच सामान काढावं लागतं, पहिल्यांदा करताना पूर्ण दिवस धरा. आणि इथे एक गोष्ट जिवाची आहे म्हणून ठासून सांगतो, लॅपटॉपवरच्या बीएमडब्ल्यूच्या सॉफ्टवेअरने प्रेशर उतरवल्याशिवाय कुठलाही हायड्रॉलिक पाइप सैल करू नका, साठलेलं तेल सुईसारखं बाहेर येतं. मोटरचं झाकण उघडल्यावर आतून काजळीसारखी कार्बनची पूड सांडली, मोटरला वीज पोचवणारा एक कार्बनचा ब्रश झिजून पार नखाएवढा राहिला होता आणि स्प्रिंगचा दाबच त्याला लागत नव्हता. थंड सकाळी मोटर कधी कधी फिरायचीच नाही आणि दुपारी फिरायची, त्याचं कोडं तिथे सुटलं.

तेलाबद्दल दोन शब्द. यात पेंटोसिन सीएचएफ ११एस लागतं, गिअरबॉक्सचं तेल वेगळं, दोन्हींची अदलाबदल करू नका. लेव्हल बघताना लक्षात ठेवा की प्रेशर भरलेलं असताना तेल ॲक्युम्युलेटरमध्ये गेलेलं असतं, टाकीत कमीच दिसणार, तेव्हा कमी दिसतंय म्हणून भरलंत तर प्रेशर उतरल्यावर वरून सांडेल.

साध्या ओबीडी रीडरवर एसएमजीचे फॉल्ट दिसत नाहीत, त्याला लॅपटॉपवर इन्पा हे बीएमडब्ल्यूचं तपासणीचं सॉफ्टवेअर लागतं आणि बीएमडब्ल्यूची केबल. कोड आधी लिहून घ्या, फोटो काढा, मगच पुसा. लाइव्ह डेटात क्लचची पोझिशन बघा, क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरवर क्लच किती सरकला ते मोजणारा पीएलसीडी नावाचा सेन्सर असतो, तो खराब झाला की आकडा उड्या मारतो आणि गाडी सुटताना हिसके देते, मग लोक क्लच प्लेट बदलत बसतात. प्लेट खरंच संपलीय का ते असं कळतं: मोकळ्या रस्त्यावर चौथा गिअर, २००० आरपीएम, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, आरपीएम चढला आणि वेग नाही चढला तर प्लेट घसरतेय.

एकच गिअर त्रास देत असेल, म्हणजे फक्त दुसरा किंवा फक्त रिव्हर्स, तर पंपाच्या मागे लागू नका, पंप सगळ्या गिअरना एकच असतो. तिथे सिंक्रो (गिअर जुळवणारी रिंग), सिलेक्टरचा सेन्सर किंवा ॲडॅप्टेशन, म्हणजे कॉम्प्युटरने शिकलेल्या गिअरच्या जागा बघायच्या. आणि सुटताना मागून "धप्प" आवाज येत असेल तर डिकीतलं कार्पेट उचलून मागच्या सबफ्रेमच्या जागा बघा, ई४६ला तिथे पत्रा फाटतो हे प्रसिद्ध आहे, तो आवाज कित्येकदा बिचाऱ्या गिअरबॉक्सच्या नावावर जातो.

गाडी गिअरमध्येच अडकून बंद पडली तर ओढू नका. प्रेशर नसलं की क्लच जोडलेलाच राहतो, मागची चाकं फिरणार नाहीत, ट्रकवाल्याला आधीच सांगा की मागच्या चाकांखाली स्केट, म्हणजे छोट्या चाकांच्या पाट्या लागतील.

काम झाल्यावर इन्पामधून क्लचची पकड आणि गिअरच्या जागा परत शिकवा, ही पायरी सोडली तर नवे पार्ट टाकूनही गाडी जुन्यासारखीच वागते. मी शिकवून झाल्यावर रात्री गाडी तशीच ठेवली आणि सकाळी वही घेऊन दार उघडलं. पाच सेकंद.