खांदा निखळलेला आणि धनुष्याचा बांबू

ऑक्टोबरात उजवा खांदा निखळला. तीन महिने कोयता बंद! गोव्यातल्या वाळपईजवळच्या आमच्या परसात माणगा जातीच्या बांबूचं बेट आहे. माणगा बहुतांशी भरीव, काटे नाहीत, धनुष्याला उत्तम. पण तोडायचा कसा?

डिसेंबरात डाव्या हाताने बारीक दातांची करवत धरली. जून बांबू निवडला: तीन वर्षांच्या वरचा, पांढरी भुकटी गेलेला, कातडीवर डाग पडलेला. जमिनीलगतच्या गाठीच्या जरा वर कापला, म्हणजे बुंध्यात पाणी साचत नाही.

खरी कटकट पुढेच. शेंडा बेटात गुंतलेला, आणि एका हाताने ओढणं म्हणजे खांद्याचे पुन्हा हाल. पहिल्या बांबूला मी हट्टाने ओढलं आणि रात्रभर शेकत बसलो. दुसऱ्या वेळी ओढलाच नाही. खालून दोन-दोन मीटर कापत गेलो, उरलेला आपसूक खाली सरकत राहिला. भाचा दोरी धरून होता. "मामा, तू लांब उभा राहा," असं दर मिनिटाला.

तुकड्यांची टोकं मेणाने बंद केली, नाहीतर वाळताना चिरतात. मग ते चुलीवरच्या माळ्यावर टाकले. धूर लागला की किडा कमी धरतो. परसात ठेवलेला एक तुकडा मात्र भुकटी होऊन गेला.

फेब्रुवारीत तासायला घेतलं, कातडीची बाजू पुढे ठेवून. पहिलं धनुष्य मुद्दाम अगदी हलकं केलंय, भाच्याच्या ताकदीचं. सध्या मलाही तेवढंच झेपतं.