पूर ओसरलेल्या घरी जाताना

पूर ओसरलेल्या घरात शिरताना चपला काढू नका. सवयीने हात खाली जातोच, पण गाळात काचा असतात, खिळे असतात. गमबूट मिळाले तर उत्तम. आणि घरच्यांना पहिला प्रश्न एकच विचारा: मेन स्विच बंद केलाय ना?

आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, तरुण मुलं-मुली आता मदतीला जाऊ लागली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. यातलं बरंचसं मी माझ्याच घरात शिकले. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी काठच्या वस्त्यांत घुसलं. आमचं घर तळमजल्यावर. शेजारच्या काकूंकडे महालक्ष्म्या बसल्या होत्या; आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडून आंबील आणि पुरणपोळी आली होती. पाणी उतरल्यावर भिंतीवर मातकट रेघ राहिली. आमच्या दोघींच्या घरांत, अगदी एका उंचीवर. काकू उंबऱ्यात बसून म्हणाल्या, "तुमच्या देवानंही पानी नाई अडवलं बाई, अन् माह्या लक्ष्म्याइनंही नाई." मला काही बोलता आलं नाही. आम्ही दोघींनी मिळून आधी त्यांच्या गाद्या बाहेर ओढल्या, मग माझ्या.

चौथ्या दिवशी एक वडीलधारे भेटायला आले. ओल्या खुर्चीवर बसले, पवित्र शास्त्र उघडलं आणि म्हणाले, "प्रभूने इशारा दिलाय. आपल्या घरात काय चुकतंय ते शोधा." मनाने चांगले होते ते. पण पुढचे दोन महिने मी उपासनेला शेवटच्या बाकावर बसून हिशेब करत होते, की नेमकं काय चुकलं.

म्हणून हे नीट लक्षात ठेवा: संकट कोणत्या पापामुळे आलं, हे कुणालाही सांगायचं नाही. त्यांनी विचारलं तरी नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली. ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का, असं प्रभू येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. पुढे तो पश्चात्तापाचं बोलतो, हेही खरं. पण ते समोर उभ्या असलेल्या, धडधाकट लोकांना. मेलेल्यांच्या दारात जाऊन तो हे बोललेला नाही. 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या दिवशी, लोक चर्चमध्ये उपासनेला जमले असतानाच लिस्बनला भूकंप झाला. किल्लारीची जमीन हादरली ती 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या पाठोपाठ. भक्ती करणारी माणसंच ढिगाऱ्याखाली गेली.

आपल्या नागपूरचंच उदाहरण घ्या. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथे आले. शाळा चालवल्या, सुवार्ता सांगितली आणि इथल्या खडकांचा मन लावून अभ्यास केला. 4 सप्टेंबर 1863 ला नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे दगडांची प्राचीन वर्तुळं, पाहून बोरीकडे परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. आयुष्यभर प्रभूचं काम केलेल्या माणसाला ओढ्याने सोडलं नाही. मला त्यांचा आणखी एका कारणासाठी आदर वाटतो. देवाने केलेली जमीन कशी घडली हे दगड हातात घेऊन पाहणं, हे त्यांना विश्वासाच्या विरुद्ध वाटलं नाही. तुम्हाला कुणी पुराचं कारण विचारलंच, तर तेच करा. अंबाझरीचं जास्तीचं पाणी नाग नदीतच उतरतं, शहरातून जाताना पात्र अरुंद झालंय, सिमेंटच्या रस्त्यात पाणी मुरत नाही. इथे पश्चात्तापाला जागा आहे, आणि तो आपल्या सगळ्यांनी करायचा आहे.

मग देवाने पाऊस थांबवला का नाही? माझ्याकडे उत्तर नाही. सृष्टी अजून कण्हत आहे, असं रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायात आहे आणि मी त्याला धरून आहे. पण गाळ उपसताना हे कुणाला ऐकवत नाही. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं; मग ते त्याचं पाप शोधू लागले.

कामाचा क्रम एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीतून घ्या. बायबलमध्ये 1 राजे, अध्याय 19. वारा, भूकंप, अग्नी आणि मग तो देवाच्या मंद वाणीचा आवाज आपल्याला पाठ असतो. त्याच्या आधीचं आपण विसरतो. झुडपाखाली मरण मागत पडलेल्या त्या माणसाला दूत म्हणतो, ऊठ, खा. भाकर आणि पाण्याची सुरई. तो पुन्हा झोपतो, पुन्हा खातो. म्हणून आधी प्यायचं पाणी आणि गरम वरण-भात न्या. खराटा, वायपर, दोन बादल्या, रिकामी पोती न्या. काहीही फेकण्याआधी फोटो काढा, पंचनाम्याला लागतात. भिजलेला फ्रीज सुरू करून बघायचा मोह टाळा. मदतीच्या पिशवीत सुवार्तेच्या पत्रिका घालू नका. तांदूळ घेण्यासाठी कुणाला आपली बायबलची वचनं घ्यावी लागू नयेत.

एक काम मात्र जपून करा. ख्रिस्ती घरात जुनं बायबल असतं, पहिल्या पानावर बाप्तिस्म्यांच्या आणि लग्नांच्या तारखा असतात. आमच्याकडे आजोबांचं होतं. मी ते घाईने उघडलं आणि चिकटलेल्या स्तोत्रसंहितेची चार पानं फाटली. भिजलेलं पुस्तक जोर लावून उघडायचं नाही. शाईचं पान सहज उघडत असेल तर आधी त्याचा फोटो घ्या. पुस्तक सावलीत, पंख्याखाली उभं ठेवा, पुठ्ठे जरा फाकवून. पानं सुटू लागली की दर वीस-पंचवीस पानांमागे कोरा टिश्यू घाला आणि भिजला की बदला. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. वेळ नसेल तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वीज असलेल्या कुणाच्या घरी फ्रीझरमध्ये ठेवा; बुरशी थांबते, सुकवणं पुढच्या आठवड्यात करता येतं.

प्रार्थना विचारून करा, आणि छोटी. स्तोत्र 46 पुरतं. "येशू रडला" एवढं वाचलं तरी चालतं. घरच्या बाईला रडू आलं तर तिच्यासोबत बसा, आमेन म्हणायची घाई करू नका.

आणि तिसऱ्या आठवड्यात परत जा. तोवर डबे यायचे थांबलेले असतात, भिंतीचे पोपडे निघत असतात, आणि माणसं तेव्हा कुठे बोलू लागतात. पहिल्या दिवशी चहाला नको म्हणायचं, कारण घरात धड भांडं नसतं. आता घ्या. आणि आता चपला दारात काढा.